शिळ्या पाण्यातला पैलवान

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात कधी गळ टाकला नाही, जाळं फेकलं नाही, उल्हास नदीत उतरून बोटाएवढी मासळीसुद्धा धरली नाही. आणि तरीही अख्ख्या कर्जत-खालापुरात त्यांच्याइतक्या मायेनं मासे दुसऱ्या कुणी मारले असतील असं मला वाटत नाही. बरं, मारले म्हणावं तर तेही खोटं. जो मासा गेला तो त्यांनी जीव ओतून सांभाळला आणि त्या सांभाळण्यानंच तो गेला. माझ्या बायकोची थोरली बहीण ती ताई, आणि ताईचे यजमान ते हे. मी त्यांना दादा म्हणतो. ते मला 'साडू' म्हणतात, आणि तेही नावानं हाक मारल्यासारखं नाही, हुद्दा सांगितल्यासारखं. ते दहिवलीच्या पलीकडच्या गावात राहतात, मी लोधिवलीला. मधलं अंतर काही थोडं नाही, पण मासा मेला की फोन मलाच. "गेला रं, साडू," एवढंच बोलतात आणि ठेवतात. माझी बायको पदराला हात पुसत म्हणते, "जाऊन या हो, माणूस एकटाच बसला असेल." मग मी स्कूटर काढायची आणि एका बोटाएवढ्या माशाच्या मयताला जायचं. जन्माला येऊन हे करायचं राहिलं होतं, तेही झालं.

दादा पाणीवाले. म्हणजे गावच्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम त्यांच्याकडे होतं: पंप चालू करायचा, टाकी भरायची, तिच्यात पाणी निर्जंतुक करायची ती पांढरी टीसीएल पावडर कालवायची आणि आळीआळीनं पाणी सोडायचं. पावडर पुरेशी पडली की नाही हे बघायला एक तपासणी असते, तिला ओटी टेस्ट म्हणतात. ग्लासभर पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की समजायचं पाणी चांगलं. ती औषधाची बारकी बाटली दादांच्या शर्टाच्या खिशात कायम, जिथं इतर लोक पेन ठेवतात तिथं. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास उजेडाला धरणार, हुंगणार, जिभेवर घोळवणार आणि मग यजमानाच्या तोंडावर निकाल देणार, "पावडर कमी हाय." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडून आमचं घर बघायला हेच आले होते. आईनं पाणी दिलं. दादा म्हणाले, "थांबा, जरा ओटी करतो." आई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, कारण ओटी बायकांची भरतात, हा बाप्या कसली ओटी करतोय! तेवढ्यात ह्यांनी ग्लासात थेंब टाकले आणि पाणी पिवळंधमक झालं. आईचा चेहरा त्याहून पिवळा. तिला वाटलं, पाव्हणा करणी करायला आलाय. दादा मात्र खूश होऊन उठले. "घर चांगलं हाय. पोरगी द्यायची." माझा पगार, माझं शिक्षण, माझी व्यसनं, कशाची चौकशी नाही. मी लोधिवलीच्या पाण्यावर पास झालो. बायको अजून भांडणात म्हणते, "भाऊजींनी पाणी बघितलं, माणूस बघायचा राहून गेला."

ह्या सगळ्याला हसायचं असतं, आम्ही हसतोही. पण टाकीच्या चाव्यांचा जुडगा कमरेला लावून दादा बौद्धवाडीतून निघायचे तेव्हा त्यांच्या चालीत काय असायचं ते मला ठाऊक आहे. ज्या गावात त्यांच्या आज्याला विहिरीच्या कठड्यापासून लांब उभं राहून, कुणी वरून ओतील तेवढंच पाणी घ्यावं लागायचं, त्याच गावाला नातू रोज सकाळी पाणी पाजत होता. ते असं कधी बोलले नाहीत. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "माज्या पान्यानं गावात कोन आजारी पडला नाय." हे वाक्य ते लग्नात, बारशात, विहाराच्या ओट्यावर, एकदा तर एका मयतातही बोलले, की बुवा मयत हृदयविकारानं झालं, पाण्यानं नाही.

तर असा माणूस रिटायर झाला. पंचायतीनं शाल दिली, नारळ दिला, चावी काढून घेतली. दादा घरी बसले आणि ताईचे हाल सुरू झाले, कारण ते घरातला नळ दिवसभर उघडून-बंद करून बघायला लागले. पनवेलला दिलेली त्यांची लेक हुशार. ती म्हणाली, "बाबांना पाण्यातलंच काहीतरी लागतं." आणि तिनं एक फायटर मासा आणून दिला. फायटर म्हणजे तो लांब झुबकेदार शेपटीचा, निळा-तांबडा मासा. दुकानात प्लास्टिकच्या पेल्यात एकटा ठेवलेला असतो, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडून टाकतात. फायटर म्हटल्यावर दादांनी त्याचं नाव ठेवलं पैलवान. मोठी काचेची बरणी आणली, घासली, नळाचं ताजं फडफडीत पाणी भरलं, ओटी टेस्ट केली, निराळ्या ग्लासात केली हो, आणि पाणी मस्त पिवळं आल्यावर समाधानानं पैलवानाला आत सोडलं. पैलवान संध्याकाळपर्यंत वर येऊन तोंड आ वासत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आडवा.

दादांनी निदान केलं, पाण्यात जंतू असणार. दुसरा पैलवान आणला आणि त्याच्या बरणीत चिमूटभर पावडर जास्तीची टाकली. हा दुपारीच गेला. तिसऱ्याच्या वेळी पाणी रोज बदललं, रोज नवं, रोज ताजं, आणि तो बिचारा रोज थोडा थोडा मेला. मी जायचो तेव्हा दादा बरणीसमोर मांडीवर हात ठेवून बसलेले. एकदा तर जेवणाची वेळ होती, पुढ्यात सुक्या बोंबलाचं कालवण, आणि हे डोळे पुसताहेत. ताई म्हणाली, "बघा हो, ताटातल्याचं काय नाय, बरनीतल्याचं रडं!" दादा गंभीरपणे म्हणाले, "ताटातला माज्या पान्यात मेला नाय, गं." आणि पुढचा बोंबील उचलला.

शेवटी मीच वैतागून त्यांना स्कूटरवर घालून कर्जतच्या बाजारात त्या माशांच्या दुकानात नेलं. दुकान चालवणारी बाई चांगली समंजस. तिनं विचारलं, "काका, पाणी कुठलं घालता?" दादा छाती काढून म्हणाले, "नळाचं. ताजं. ओटी पॉझिटिव्ह." बाईनं कपाळाला हात लावला. "अहो काका, त्या पावडरनंच मरतात ते! नळाचं पाणी डायरेक्ट घालायचंच नाही. बादलीत उघडं ठेवायचं, दोन दिवस शिळं करायचं, मग घालायचं. फायटरला शिळं पाणी लागतं."

शिळं पाणी! आपल्याकडे सकाळी उठल्यावर बाई पहिलं काम काय करते, तर कालचं उरलेलं पाणी झाडांना ओतून माठ-कळशा घासून ताजं भरते. शिळी भाकरी माणूस कौतुकानं खातो, शिळं पाणी पाव्हण्याला देणं म्हणजे अपमान. आणि दादांसारख्या माणसाला ते सांगणं म्हणजे विहारात जाऊन उदबत्तीऐवजी विडी पेटवा म्हणण्यासारखं झालं. मला वाटलं आता हे बाईशी भांडणार. पण दादांनी तिच्याकडून चौथा पैलवान घेतला. पिशवी सांभाळत माझ्यामागे बसले. घरी आल्यावर बादली भरली आणि उघडी ठेवली. ताईनं सवयीनं सकाळी ती मोरीत ओतून दिली, त्यावरून घरात जे रामायण झालं ते सांगत नाही. पुन्हा बादली भरली, पुन्हा ठेवली. पिशवीतल्या पाण्यात पैलवान तसाच थांबला होता. शिळ्या पाण्यात सोडल्यावर त्यानं एक गिरकी घेतली, शेपटीचा सगळा झुबका पसरला आणि खाऊ मागायला वर आला.

हा जगला. जगला म्हणून दादांचे उपद्व्याप थांबले असं नाही. पैलवान म्हटल्यावर खुराक आला. त्यांनी दाण्यांबरोबर उकडलेल्या अंड्याचा बलक दिला, बदाम उगाळून दिला, मासा फुगून लिंबाएवढा झाला आणि एका कुशीवर पोहायला लागला. मला फोन. दुकानवाली बाई म्हणाली, "आठवड्यातून एक दिवस उपास घाला, आणि बाकीचे दिवस दोन-तीन दाण्यांवर भागवा." ताई पौर्णिमेला उपोसथाचा उपास धरते, ती म्हणाली, "माज्यासंगं धरूद्या की त्याला बी." दादा म्हणाले, "तुजी पौर्निमा म्हैन्यातनं येकदा, ह्याचं पोट आठवड्याला बिगडतं." मग थंडी आली, डोंगराकडून वारं सुटलं, तर बरणीला ताईची शाल गुंडाळली. मासा दिसेना म्हणून शालीला कात्रीनं खिडकी पाडली. ताईनं दोन दिवस अबोला धरला. मी सांगतो, माणसानं म्हातारपणी जुगार खेळावा, पण मासा पाळू नये.

मग एक दिवस त्यांना बरणीत फेस दिसला. पाण्याच्या वरती, एका कडेला, साबूदाण्यासारखे बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटून बसलेले. पाणीवाल्याला फेस म्हणजे घाण. दादांनी तो चमच्यानं काढून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस. पुन्हा काढला. पैलवान करतोय, दादा काढताहेत, असं किती तरी दिवस चाललं. दोघंही हट्टी. शेवटी आम्ही दुकानात गेलो. बाई हसायलाच लागली. "काका, ते त्याचं घरटं आहे! नर बांधतो, पिल्लांसाठी. पाणी मानवलं, तब्येत चांगली असली की बांधतो. तुमचा मासा मजेत आहे."

मी म्हटलं, सुटलो. पण दादांचा चेहरा उतरला. आधी मला वाटलं घरटं मोडलं म्हणून वाईट वाटतंय, तेही होतंच, वाटेत दोनदा म्हणाले, "रोज घर बांधीत होता रं, आन् मी रोज पाडीत होतो." घरी आल्यावर मात्र पडवीत टेकले आणि म्हणाले, "साडू, त्याला शिळं पानी मानवलं. माजं नाय मानवलं."

"अहो दादा, मासा आहे तो."

"जित्या जिवाला माज्या पान्यात दम लागला. तीन जीव गेले. आन् त्येच पानी मी गावाला पाजलं."

मी समजावलं. म्हटलं, मासा पाण्यातून श्वास घेतो, आपण पाणी पोटात घेतो, दोन्ही एक नव्हे. त्या पावडरनं तर गावातली किती पोरं जुलाबापासून वाचली. कारखान्यात स्टोअर सांभाळणारा माणूस मी, पण त्या दिवशी मी शाळामास्तरासारखा बोललो. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला टीसीएल शिकवतोस?" मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

टाकी नवी झाली, नळ आले आणि दादा कामाला लागले, तेव्हाची गोष्ट. वरच्या आळीतली एक काकी नळाखाली हंडा लावायची नाही. नळ दारात, तरी ही बाई डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जायची. दादांनी एकदा विचारलं, काकी, नळ सोडून लांब का जातीस? तर म्हणाली, "तुज्या पान्याला वास येतो."

कसला वास, हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. दादाही समजले. त्या दिवसापासून त्या दारावरून जाताना त्यांनी मान वर केली नाही. त्या आळीचं पाणी मात्र कधी एक मिनिट कमी सोडलं नाही.

"आता मला वाटतं," दादा म्हणाले, "पावडरला वास तर येतोच. मासा मरंल येवडी पावडर हाय त्यात. म्हातारी खरंच सांगत असंल तर? पावडरचाच वास असंल तर? मी उगाच इतकी वर्सं तिला पापी ठरवली. आन् पानी खराब ते खराबच."

"मग? आता काय करायचं म्हणता?"

"जातो आन् सांगतो, काकी तुजं खरं होतं. माजी चूक झाली."

माझं डोकं फिरलं. "दादा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? माफी तुम्ही मागायची? तिची?" मी खूप बोललो. ताई आतून म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. नायतर त्या माशासारखे तोंड उघडं टाकून बसतील." ताईला सगळं कळतं. मग काय, स्कूटर माझी, नशीब माझं. एकट्याला पाठवायचं नव्हतं म्हणून गेलो.

काकी आता खूप म्हातारी झालेली. पडवीत पाय पसरून, तोंडात मिश्री धरून बसली होती. सुनेनं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, पण दादा पायरीवरच टेकले, म्हणून मीही टेकलो. मला ते आवडलं नाही.

"काकी, वळखलं का?"

"पानीवाला ना रं तू?"

दादांनी सुरुवात केली ती पार पैलवानापासून. नळाचं पाणी, तीन मासे मेले, दुकानवाली बाई, शिळं पाणी, फेसाचं घरटं, सगळं सविस्तर. म्हातारी एका माशाची एवढी मोठी कथा का ऐकायची ते न कळून ऐकत होती. सून दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी दादा मुद्द्यावर आले. "तवा तू म्हनायचीस, पान्याला वास येतो. ते खरं होतं, काकी. पावडर पडत असंल माज्या हातनं जास्त. मी मनात भलतंच धरलं. माफ कर."

म्हातारीनं मिश्रीचं बोट थांबवलं. दादांकडे बघितलं, मग अंगणाकडे. पिंक टाकून आली आणि पुन्हा बसली.

"कसला वास रं," ती म्हणाली. "वासबीस काय नव्हता. पानी चांगलंच होतं. तू सोडायचास ना, म्हनून नको वाटायचं. सासू जिती होती, तिला चालत नव्हतं. मंग मला बी चालंना झालं. तोंडावर कसं बोलायचं, म्हनून वास म्हनायचे." आणि थोड्या वेळानं, "आता त्येच पिते. कवापासनं पिते, त्ये बी आठवत नाय."

सुनेचं हसू तोंडातच राहिलं. ती आत गेली. माझे कान तापले. एवढी वर्षं एक बाई उन्हातान्हात डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जात होती, माझ्या माणसाच्या हातचं पाणी नको म्हणून, आणि ते अशी सांगते, जणू एखाद्या भाजीत मीठ जास्त पडलं होतं! मी उठलो. जीभ कशी आवरली ते माझं मला माहीत.

दादा उठले नाहीत. पुढं वाकून म्हणाले, "नक्की ना, काकी? वास नव्हता?"

"नाय रं बाबा. सांगते ना."

"पानी चांगलं होतं?"

"ब्येस होतं."

दादांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा आधी कधी बघितला नव्हता. सगळ्या सुरकुत्या एकदम सैल पडल्या होत्या. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले आणि पायरी उतरले.

आळीच्या बाहेर आलो. स्कूटरला किल्ली लावली, पण चालू करवेना. म्हटलं, "दादा, ती काय बोलली ते कळलं का तुम्हांला?"

"कळलं की."

"आणि तुम्ही हात जोडता?"

दादा मागच्या सीटवर चढून नीट बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला समजावल्यासारखं हळूच म्हणाले, "मानसांचं मला ठावं होतं रं, साडू. त्ये काय नवं नाय. मला पान्याची धास्ती लागली होती."

मी स्कूटर चालू केली. माझं तोंड पुढं होतं ते बरं झालं, त्यांना दिसलं नाही.